वाघनखाचे पदक आणि अहिंसेचा आचार

अहिंसा हा आचारधर्माचा पाया होय, हे सर्वांस मान्य आहे. परंतु हिंसेचा दोष मारणाऱ्यापाशीच थांबतो, की मारलेल्या जीवाचा अवयव अलंकार म्हणून मिरविणाऱ्यासही लागतो, हा प्रश्न सूक्ष्म आहे. बालकाच्या गळ्यात सोन्याने मढविलेले वाघनख घालण्याची रीत महाराष्ट्रात जुनी. नजर लागू नये, मूल निर्भय व्हावे, ही त्यामागील समजूत. तेव्हा हा विचार परदेशातील धनिकांपुरता नसून घराच्या उंबरठ्याच्या आतला आहे.

पूर्वपक्ष असा : वाघ केव्हाच मेला, नख आजोबांपासून आलेले, धारण करणाऱ्याने कोणासही मारले नाही, मग दोष कसला?

याचे उत्तर असे. कर्म तीन प्रकारांनी घडते : स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि झालेल्यास अनुमोदन देणे. विकत घेणारा करवितो, मिरविणारा अनुमोदन देतो. नख किती जुने आहे हे पाहणाऱ्यास दिसत नाही. त्यास दिसते ती प्रतिष्ठा. तो तसेच नख मागतो, आणि ती मागणी व्यापाऱ्याकडून अखेर रानातील फासापर्यंत पोहोचते. बिबट्याच्या चारही पायांस मिळून नखे १८. म्हणजे एक जीव गेला तरी पदके अठराच, आणि वासना मात्र अमर्याद. तिबेटी चिरूच्या लोकरीची शहातूश शाल घ्यावी, तर एका शालीमागे तीन ते पाच जीव जातात. कारण ती लोकर प्राण्यास मारूनच मिळते. उलट पश्मिना जिवंत बकरीच्या अंगावरून विंचरून काढतात. तेव्हा हिंसा थांबली म्हणजे कारागिरी बुडेल, हेही म्हणणे टिकत नाही.

अंतराने दोष धुतला जातो, असा दुसरा भ्रम आहे. खारेपाटण येथे सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या शके ९३० (इ. स. १००८) च्या ताम्रपटात परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक गलबतावर एक गद्याण सोने कर सांगितला आहे. बंदराचा स्वभावच असा की, वस्तू येते आणि तिचा इतिहास समुद्रापलीकडे राहतो. कर सोन्यात चुकविता येतो. कर्म तसे चुकविता येत नाही. मारणारा बहुधा दरिद्री असतो व तोच पकडला जातो. धारण करणारा सभेत मान पावतो. ही विषमताही विचारणीय आहे.

राजदंडाने आपला भाग केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वाघ व बिबट्या यांस संरक्षण दिले. १९७६ मध्ये सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली. २००३ मध्ये घरांतील अशा वस्तू जाहीर करण्यास १८० दिवसांची मुदत मिळाली. २०१७ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांची कातडी व मिंक, कोल्हा यांची लोकरी कातडी आयात करण्यास बंदी झाली. लंडनच्या वेषभूषा-सप्ताहानेही २०२५ पासून अशा कातड्यांस मज्जाव केला. परंतु कायदा हातास आवरतो. आवड आवरणे हे विवेकाचे काम.

लीळाचरित्रात पारध्यांच्या भयाने पळालेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आला व स्वामींनी त्याचे रक्षण केले, ही लीळा सर्वश्रुत आहे. शरणागत जीवास जेथे अभय मिळाले, त्या मार्गाच्या अनुयायाने दुसऱ्या जीवाच्या मरणातून आपल्या बालकासाठी अभय मागावे, हे विसंगत होय. शिवाय जे नख स्वतः वाघास वाचवू शकले नाही, ते बालकास काय वाचविणार? रक्षणाची आशा नखावर ठेवणे हा अनन्यभक्तीसही बाध आहे.

म्हणून वारशाने आलेले पदक मुलाच्या गळ्यात घालू नये, विकू नये, दडवूही नये. ज्यांच्यापाशी मालकीचे प्रमाणपत्र आहे, त्यांस २०२२ च्या दुरुस्तीने ते शासनाकडे सुपूर्द करण्याची वाट दिली आहे. मोबदला मात्र मिळत नाही. ज्यांच्यापाशी ते नाही, त्यांनी वनखात्यास कळवावे. मोबदल्यावाचून सोडणे हाच येथे त्याग. आणि सोने उतरवून नख परत करणारा गृहस्थ वाडवडिलांचा अवमान करीत नाही, तर त्यांच्या हातून राहिलेले एक कर्तव्य पुरे करतो.