दुसऱ्याच्या डोळ्यांची जबाबदारी

द्राक्षांच्या हंगामात ओझरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर रात्री समोरून येणाऱ्या पिकअपचा दिवा थेट डोळ्यांत घुसतो. चालकाने अप्पर लावलेला नसतो. तो इमानाने डिपरवरच गाडी चालवत असतो. पण मागे क्रेट रचलेले असतात, मागचे स्प्रिंगचे पाटे दबलेले असतात आणि गाडीचे नाक वर झालेले असते. पुढे मार्च-एप्रिलमध्ये क्रेटच्या जागी कांद्याच्या गोण्या येतात, एवढाच फरक.

हे नुकसान किती सूक्ष्म फरकाने होते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. दिवा जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर आहे आणि डिपरचा झोत शेकडा एक या प्रमाणात खाली झुकवलेला आहे असे धरले, तर झोताची वरची कड 65 मीटरवर जमिनीला टेकते. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटरचे अंतर असेल आणि मागची बाजू फक्त 5 सेंटिमीटर दबली, तर झोत दोन टक्क्यांनी उचलला जातो. जो उतरत होता, तो एक टक्का चढू लागतो. मग 50 मीटरवर त्याची कड 115 सेंटिमीटर उंचीवर पोचते. समोरच्या मोटारीतल्या माणसाचे डोळे साधारण तिथेच असतात. चार बोटांपेक्षाही कमी दबलेला पाटा आणि समोरचा माणूस काही क्षण आंधळा!

झेनॉन दिव्यांनी हा प्रश्न अधिक टोकदार केला. 1991 मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये ते पहिल्यांदा आले. त्यांत तापणारी तार नसते. क्वार्ट्झच्या कुपीत टंगस्टनची दोन टोके समोरासमोर असतात, आत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार असतात. सुरुवातीला वीस हजार व्होल्टच्या वर दाब देऊन दोन टोकांमध्ये ठिणगी पाडली जाते. झेनॉन लगेच उजळतो, उष्णतेने क्षारांची वाफ होते आणि खरा झगझगीत प्रकाश तिथून मिळतो. 55 वॅटचा हॅलोजन दिवा सुमारे 1500 ल्युमेन देतो, तर 35 वॅटचा झेनॉन सुमारे 3200. वीज कमी, उजेड दुप्पट.

म्हणूनच युरोपच्या नियमांनी अट घातली की 2000 ल्युमेनपेक्षा जास्त उजेडाच्या डिपरला दिवा धुण्याची सोय हवी आणि झोताची पातळी आपोआप सावरणारी यंत्रणाही हवी. काचेवरचा चिखलसुद्धा प्रकाश भलतीकडे विखुरतो. पातळीची यंत्रणा समजायला सोपी आहे. सस्पेन्शनच्या दांड्याला जोडलेला सेन्सर गाडी किती दबली ते मोजतो, नियंत्रक हिशेब करतो आणि दिव्यामागची छोटी मोटर झोत तेवढा खाली घेते. ब्रेक दाबताना नाक झुकते, वेग घेताना उचलते; चांगल्या गाड्यांत तेवढ्यातही हे काम उरकते.

इथे एक जुना दार्शनिक वाद जिवंत होतो. माणूस पाहतो म्हणजे काय करतो? न्यायदर्शनाच्या आचार्यांचे, म्हणजे नैयायिकांचे, म्हणणे होते की डोळ्यातून तेजाचा किरण बाहेर पडतो आणि वस्तूला जाऊन भिडतो. न्यायसूत्रांत त्यासाठी रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत दिसणाऱ्या किरणांचा दाखला दिला आहे. निफाड तालुक्यात उसाच्या कडेने रात्री गाडी नेणाऱ्याने बिबट्याचे चमकणारे डोळे पाहिले असतील, तर हा दाखला किती पटण्याजोगा होता हे त्याला कळेल. बौद्ध आणि जैन आचार्यांनी हा किरण नाकारला. डोळा वस्तूपर्यंत जात नाही, असे त्यांचे मत. याच महामार्गावर नाशिकला पांडवलेण्यांत बौद्ध भिक्षू राहत आणि चांदवडच्या डोंगरात जैन लेणी आहेत. ओझर या दोहोंच्या मध्ये.

विज्ञानाने किरणाचा निकाल नैयायिकांच्या विरोधात दिला. डोळा प्रकाश घेतो, सोडत नाही. बिबट्याच्या डोळ्यातही आरशासारखा थर असतो, दिवा नसतो. पण रात्रीच्या मोटारीत नैयायिकांचे वर्णन तंतोतंत लागू पडते. चालक किरण सोडतो, तो वस्तूला भिडतो, तेव्हाच तिला पाहता येते. मग पाहणे ही निव्वळ जाणीव राहत नाही, ती दुसऱ्यावर घडणारी कृती होते. आणि जी कृती दुसऱ्याला लागते, तिला हिंसा-अहिंसेचा प्रश्न चुकत नाही.

जैन मुनींच्या आचारात ईर्यासमिती आहे. चालताना पुढची सुमारे चार हात जमीन पाहत पाऊल टाकायचे, कारण पायाखाली जीव चिरडता कामा नये. या नियमात पाहणे स्वतःच्या सोयीसाठी नाहीच, ते दुसऱ्याच्या रक्षणासाठी आहे. हेडलाइटविषयी याहून नेमका विचार कुठल्या नियमपुस्तकात सापडणे अवघड आहे.

आता खरा प्रश्न. झोत यंत्राने खाली घेतला, तर धर्म कुणी पाळला? चालकाच्या मनात तर काहीच घडले नाही. काहींना वाटेल की असा सदाचार पोकळ आहे. ते पटत नाही. ज्याचे डोळे वाचले, त्याच्या दृष्टीने पुण्य कुणाच्या खात्यावर गेले याला किंमत नाही.

ओझरने हा धडा पाण्याच्या बाबतीत गिरवला आहे. वाघाड धरणाच्या कालव्यावर शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नव्हते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने इथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पाणी मोजून वाटले जाऊ लागले. वरच्या शेतकऱ्याचे मन उदार होण्याची वाट पाहत बसावे लागले नाही. दुसऱ्याची आठवण व्यवस्थेनेच ठेवली. मात्र ती व्यवस्था माणसांनी चालवली, म्हणूनच टिकली.

यंत्राची मर्यादाही इथेच दिसते. गाडी किती दबली ते सेन्सरला कळते. चैत्रात सप्तशृंगगडाच्या यात्रेला अनवाणी निघालेली बाई रस्त्याच्या कडेला आहे, हे कळत नाही. अप्पर खाली घेणे बहुतेक गाड्यांत अजून माणसाच्याच हातात आहे. हॅलोजनच्या दिव्यात बाहेरून झेनॉनची कुपी बसवून घेणाऱ्याने तर शक्ती तेवढी घेतली आणि आवर दुकानातच ठेवला. त्या परावर्तकाचा आकार तारेसाठी बेतलेला असतो, त्यामुळे उजेड वाटेल तिकडे फाकतो. ही सोय नाही, दुसऱ्यावर केलेला अन्याय आहे.

ज्यांच्या गाडीत स्वयंचलित यंत्रणा नाही, त्यांच्यापैकी अनेकांच्या डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांची छोटी चकती असते. ती बहुधा जन्मभर शून्यावर राहते. मागे माणसे बसली किंवा माल भरला, की ती वाढवा. आकडा वाढेल तसा झोत खाली येतो. चकती नसेल, तर गॅरेजवाल्याकडून भरल्या गाडीचा झोत भिंतीवर पाडून तपासून घ्या.