‘जुनी झाली’ हे निदान नव्हे

किल्ली फिरवली, बोनेटखालून ‘टक्’ आलं आणि पुढे काहीच नाही. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा आवाज ओळखीचा असतो. मिस्त्री लोकांच्या भाषेत ‘सेल्फ उचलत नाही’. गाडी पार मुकी झाली तर माणूस एकदाचे हात टेकतो. टक् करणारी गाडी मात्र आशा लावून ठेवते. तिला हाक ऐकू गेलीय, ती उठायला बघतेय आणि तरी उठत नाही.

अशा गाडीभोवती चार माणसं जमतात आणि चार निदानं होतात. ‘बॅटरी उतरली.’ ‘सेल्फ गेला.’ ‘इंजिन जाम असन.’ आणि चौथं, सगळ्यात आत्मविश्वासानं केलेलं: ‘जुनी झाली आता, देऊन टाका भंगारात.’ आमच्या बुलडाणा जिल्ह्यात एमएच २८ पासिंगच्या वीस-वीस वर्षांच्या जीपा अजून सोयाबीनची पोती वाहतात आणि लग्नाचं वऱ्हाडही. त्यामुळे हे चौथं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय.

पहिली तीन वाक्यं चुकीची असू शकतात, पण ती तपासता येतात. चौथं तपासता येत नाही. ‘जुनी झाली’ हे कुठल्या भागाबद्दल बोलतच नाही. ते ऐकल्यावर कुणी पाना हातात घेत नाही, उलट खाली ठेवतो. आणि हे वाक्य आपण गाड्यांपेक्षा माणसांसाठी जास्त वापरतो. म्हणून मला प्रश्न पडतो, की न तपासता ठरवून टाकणं ही नुसती चूक असते, की समोरच्यावर केलेला अन्याय?

आधी गाडीचं बघू. किल्ली फिरवल्यावर वीज दोन टप्प्यांत धावते. पहिल्यांदा थोडी वीज सेल्फवर बसवलेल्या सोलेनॉइडकडे जाते. तो आतला लोखंडी दट्ट्या खेचतो, तांब्याचे दोन जाड संपर्क जोडतो. ‘टक्’ हा त्या दट्ट्याचा आवाज. मग त्या संपर्कांमधून खरा प्रवाह सेल्फच्या मोटरीकडे जायला हवा. डिझेल गाडीत तो दोन-तीनशे अँपिअरच्या घरात असतो. म्हणजे टक् ऐकू आलं याचा अर्थ एवढाच, की हुकूम पोचला. ताकद पोचली की नाही, ते टक् सांगत नाही.

एकच खणखणीत टक् येतं, की टकटकटक अशी माळ लागते, हेही ऐकायचं. माळ लागते तेव्हा आत असं चाललेलं असतं: सोलेनॉइड खेचतो, मोटर प्रवाह मागते, त्या मागणीसरशी व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइडची पकड सुटते, मागणी थांबते, व्होल्टेज परत येतं, सोलेनॉइड पुन्हा खेचतो. सेकंदात कितीतरी वेळा. बहुतेक लोक ही माळ ऐकली की बॅटरी म्हणतात, आणि बऱ्याचदा ते बरोबर असतात. अडचण त्या ‘बऱ्याचदा’मध्ये आहे.

आमच्या घरच्या २००४ च्या बोलेरोनं अशीच माळ लावली तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी एकमतानं बॅटरी ठरवली. नव्या बॅटरीचे सहा-सात हजार रुपये. खामगावहून आलेल्या वायरिंगच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बोनेट उघडायच्या आधी हेडलाइट लावायला सांगितले आणि म्हणाले, "आता मारा सेल्फ." टकटक सुरू झाली. ते दिव्यांकडे बघत होते. दिवे फारसे मंदावले नाहीत. "बॅटरी कायले बदलता? आधी पायून त घ्या."

बॅटरी खरंच उतरलेली असती, तर सेल्फनं मागणी करताच दिवे मावळले असते. बॅटरीच्या टर्मिनलवर कचरा असता, तरी मावळले असते, कारण दिव्यांची वीजही तिथूनच येते. दिवे टिकले, म्हणजे बॅटरीकडे द्यायला आहे आणि दिव्यांपर्यंतचा रस्ता धड आहे. मग सेल्फच्याच रस्त्यात कुठेतरी अडतंय. त्यांनी मीटर लावला. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ, म्हणजे भरलेली. १२.२ दाखवली असती तर अर्धी. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर टेकवून पुन्हा सेल्फ मारायला लावला. या दोन जागा एकाच तारेची दोन टोकं. तिथे अर्धा व्होल्टही दिसायला नको. दिसले कित्येक. इंजिनला चेसिसशी जोडणारी अर्थिंगची पट्टी खाली चिखलात, तेलात राहून कुजली होती. पट्टी सोडली, सँडपेपरनं दोन्ही टोकं चमकेपर्यंत घासली, आवळली. गाडी चालू.

यातला हिशेब मला फार दिवस पुरला. समजा त्या कुजलेल्या जोडणीत ०.०५ ओहमचा अडथळा आहे. ही अगदी नगण्य संख्या. दोन हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर घेतात. एवढा प्रवाह त्या अडथळ्यातून गेला तर अर्धा व्होल्ट खर्ची पडेल. कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण त्याच जोडणीतून सेल्फनं २०० अँपिअर मागितले, तर तिथल्या तिथेच १० व्होल्ट खर्ची पडायला हवेत. बाराची बॅटरी, दहा रस्त्यातच. मोटरीला ते २०० अँपिअर मिळणारच नाहीत. हलक्या कामाला जोडणी चांगली आणि जड कामाला ती नसल्यासारखी. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून गाडी ठीक, हे खरं नाही. आणि गाडी उठत नाही म्हणून बॅटरीत दम नाही, हेही खरं नाही. दोष कधी भागात असतो, कधी दोन भागांमधल्या जोडणीत. आपलं बोट मात्र नेहमी भागाकडे जातं, कारण जोडणीला नाव नसतं आणि ती दुकानात मिळत नाही.

मिस्त्रींनी दोनशे रुपये मागितले. जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "नुसतं पाह्याचे दोनशे?" त्यानंच तासाभरापूर्वी बॅटरीसाठी सात हजार काढायचा सल्ला दिला होता, आणि तेव्हा त्याला ते महाग वाटले नव्हते.

निदानातल्या खोटेपणाचं खापर आपण कारागिरावर फोडतो. ‘लुटतात हे लोक.’ काही लुटतातही. पण आपण पार्टचे पैसे हसत देतो आणि बघण्याचे पैसे मागितले की कपाळाला आठ्या घालतो. मग त्यानं पोट भरायचं कशावर? ज्याला खरा दोष सापडतो, त्याला दोनशे मिळतात. जो अंदाजानं बॅटरी बदलतो, त्याला कमिशन मिळतं. दवाखान्यातही आपण हेच करतो. डॉक्टरनं पंधरा मिनिटं नीट विचारपूस केली आणि एकही इंजेक्शन न देता घरी पाठवलं, तर ‘काहीच केलं नाही’ म्हणत बाहेर पडतो. सलाईन लावली की बरं वाटतं. तपासण्याला मोल नाही अशी व्यवस्था आपणच उभी केली, आणि तिच्यात न तपासता बोलणारे वाढले, तर त्याचं नवल वाटायला नको.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८७७ मध्ये ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या निबंधात एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. त्याचं जहाज जुनं, अनेकदा दुरुस्त केलेलं. ते समुद्रात पाठवावं की नाही, अशी शंका त्याला येते. पण तपासणीला खर्च येणार. मग तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. प्रामाणिकपणे विश्वास बसेपर्यंत समजूत घालतो. जहाज बुडतं, माणसं जातात. क्लिफर्डचं म्हणणं असं, की मालकाचा विश्वास खरा असला तरी तो दोषी आहे, कारण तो विश्वास त्यानं तपासून मिळवलेला नव्हता. पुढे तो आणखी कडक होतो: जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी मालक तेवढाच दोषी.

क्लिफर्डचा मालक जुन्या वस्तूला न तपासता ‘चांगली’ म्हणतो. आपण न तपासता ‘गेली’ म्हणतो. दिशा उलटी, पण गोष्ट तीच. आणि दोन्हीकडे चुकीची किंमत बोलणारा भरत नाही. तिकडे प्रवासी भरतात, इकडे ज्याला भंगार ठरवलं तो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दर वेळी तपासत बसायला कुणाकडे वेळ आहे? अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सनं १८९६ मध्ये क्लिफर्डला साधारण असंच उत्तर दिलं होतं: काही निर्णय पुरावा हाती यायच्या आधीच घ्यावे लागतात, आणि थांबणं हाही एक निर्णयच असतो. आमच्याकडे जेम्सचं हे तत्त्वज्ञान रोज आचरणात असतं. त्याला धक्का स्टार्ट म्हणतात. बुलडाणा शहर डोंगरावर आहे. मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरावा लागतो. सेल्फ न उचलणाऱ्या जीपवाल्याला हा भूगोल वरदान. गाडी उतारावर लावायची, सकाळी ब्रेक सोडायचा, वेग आला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. जुनं डिझेल इंजिन उठतं. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा धक्काच मारायचा, मीटर नाही शोधायचा. इथे जेम्स बरोबर आहे.

पण धक्का मारून गाडी चालू झाली म्हणून दोष गेला, असं नाही. मी असे जीपवाले पाहिलेत, जे वर्षानुवर्षं फक्त उतारावर गाडी लावतात. कुठे जायचं, कुठे थांबायचं, कुणाच्या दारात चहाला बसायचं, हे उतार ठरवतो. घरंही अशी असतात. बापाशी पैशांचं बोलायचं नाही, आईसमोर अमक्याचं नाव काढायचं नाही, थोरल्याला सकाळी काही विचारायचं नाही. सगळं नीट चाललेलं असतं, कारण सगळे उतारावर उभे असतात. निकडीच्या वेळी न तपासता पुढे जाणं क्षम्य आहे. निकड संपल्यावरही न तपासणं, याला वेळेची सबब चालत नाही.

आता माणसांकडे येतो. माझी आजी दोन हिवाळ्यांपूर्वी अचानक विसरायला लागली. दुपारी जेवली की नाही, हे संध्याकाळी आठवेना. रात्री उठून कुणाला तरी हाका मारायची. येणारा-जाणारा म्हणाला, वय झालं. एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ऐंशीच्या पुढे असं होतंच. काकूनं मात्र वेगळा प्रश्न विचारला: ‘कधीपासून?’ तिनं मागे मोजत जाऊन सांगितलं, की बीपीची नवी गोळी सुरू झाली त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. सोडियम खूप खाली आलेलं. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत असं होऊ शकतं आणि त्यानं माणूस बरळू शकतो. गोळी बदलली, सोडियम हळूहळू वर आणलं. आजी आजही चष्मा कुठे ठेवला ते विसरते. पण ती हाका मारायची थांबली, आणि आम्हाला नावानं ओळखते.

‘वय झालं’ हे खोटं नव्हतं. वय झालेलंच होतं. पण ते काल झालं नव्हतं, आणि ती काल बदलली होती. जी गोष्ट वर्षानुवर्षं तशीच आहे, ती एकटी परवाच्या बदलाचं कारण होऊ शकत नाही. जुनेपणामुळे जोडण्या लवकर कुजतात, शरीर औषधाला लवकर बिथरतं, हे खरं. पण म्हणूनच जुन्याला तपासायची गरज जास्त, कमी नाही. सरकारनं १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी थांबवली. लाखो गाड्यांच्या नियमाला कुठेतरी रेघ ओढावी लागते, त्यावर माझं भांडण नाही. पण नियमाची रेघ एका गाडीचं निदान करत नाही, आणि घरातल्या माणसाला तर अशी रेघ लावताच येत नाही.

गाडी आणि माणसात एक फरक आहे, आणि तो माझ्या मुद्द्याला आणखी धार लावतो. बॅटरीला ‘मेली’ म्हटल्यानं ती मरत नाही. मिस्त्री येईपर्यंत ती होती तेवढीच भरलेली राहते. माणसाचं तसं नसतं. दोन वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन घरी बसलेल्या पोराला घर ‘आळशी’ म्हणतं. तो सकाळी उठतो, पुस्तक उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो. ही टकटक बाहेर ऐकू येते, पण तिचा अर्थ उलटा लावला जातो. न उठणारा टकटक करत नाही. जो टकटक करतोय, त्याच्याकडे हुकूम पोचलाय, आणि कुठेतरी जोडणी तुटलीय. झोप, पैसा, एखादं दुखणं, कुणाशी न बोललेली गोष्ट. पण रोज ‘आळशी’ ऐकत राहिला, तर सहा महिन्यांत तो स्वतःही तेच निदान मान्य करतो, आणि मग टकटकही थांबते. गाडीचं चुकीचं निदान पैसे खातं. माणसाचं चुकीचं निदान हळूहळू खरं होत जातं. न तपासता ठरवणं हा अन्याय असतो, असं मी म्हणतो ते यासाठी.

आयुर्वेदात ‘निदान’ म्हणजे मूळ कारण. रोग ओळखायच्या तिथल्या पाच वाटांपैकी एकीला ‘उपशय’ म्हणतात: उपाय करून बघायचा, आणि आराम पडतो का यावरून रोग ताडायचा. म्हणजे करून बघणंही तपासणंच आहे, फक्त नंतर काय झालं याकडे डोळे उघडे ठेवायला हवेत. आणि मराठीत या शब्दाला आणखी एक रोजचा अर्थ आहे: किमान, कमीत कमी. प्रत्येकाला मीटर वापरता येणार नाही, प्रत्येक घरात काकू नसेल. पण भंगार म्हणायच्या आधी निदान ‘कधीपासून?’ विचारता येतं. निदान हेडलाइट लावून बघता येतात.