शाळकरी वयाचं तेराशे वर्षांचं देऊळ

ठाण्याच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहिले. त्यांना कुणी जुनी घरं म्हणत नाही. जपानमधल्या इसेला मात्र हे चालतं. सूर्यदेवी अमातेरासूचं देऊळ तिथे दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या आवारात नव्याने बांधतात, रात्रीच्या अंधारात देवीला तिकडे नेतात आणि जुनं उतरवतात. पहिली खेप इसवी सन 690 ची, 62 वी 2013 ची. लाकूड शाळकरी वयाचं, देऊळ तेराशे वर्षांचं!

पाहायला गेलेल्याला दिसतं थोडंच. खडी तुडवत कुंपणापाशी पोचावं तर दारात पांढरा पडदा. वाऱ्याने तो हलला तर आतलं पुसटसं दिसतं. शेजारच्या रिकाम्या आवारात पांढरे गोटे आणि मधोमध मधल्या खांबाची जागा झाकणारी इवलीशी लाकडी खोपटी.

अंबरनाथला सगळं उलटं. शके 982, म्हणजे 1060 चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं हे शिवालय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. तिथला दगडही कुणी हलवायचा नाही. गाभाऱ्यात वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली ओल, बेलाचा वास, आणि वर पाहिलं तर उघडं आभाळ.

मग जुनेपण वस्तूत की विधीत? आपल्याकडे याचं उत्तर पुरोहितांनी केव्हाच देऊन ठेवलंय. जीर्णोद्धाराआधी कलाकर्षण करतात: मूर्तीतलं देवत्व कलशातल्या पाण्यात उतरवायचं, काम झालं की परत मूर्तीत. इसेच्या सुताराला हे चटकन पटेल. वीस वर्षांच्या अंतराने तो तरुणपणी हाताखाली राबतो, चाळिशीत काम अंगावर घेतो, साठीत पोरांना शिकवतो. उतरवलेलं लाकूड दुसऱ्या देवळांना जातं. जपानमधल्या यादवीच्या काळात ही परंपरा शंभराहून अधिक वर्षं खंडित होती. तेराशे वर्षांच्या हिशेबात ते भगदाडही धरायला हवं. पण ते बुजवून पुढे गेले, हेच जास्त नवलाचं वाटतं. अंबरनाथच्या पाथरवटांना असा वारसा लाभला नाही.

ठाण्याचं कोपिनेश्वर या दोन टोकांच्या मधलं. परंपरा त्याला शिलाहारकाळात नेते. आजचं देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी 1760 च्या सुमारास बांधलं, पुढे दुरुस्त्याही झाल्या. सोमवारी जांभळी नाक्यावरून बेल घेऊन आत शिरणारी बाई यातलं काही विचारत नाही. चपला कुठे काढायच्या एवढंच बघते आणि रांगेला लागते.