मामीने मराठीतून दिलेली परीक्षा

माझी मामी ६१व्या वर्षी परीक्षेला बसली. न्यू जर्सीत एडिसनला लेकाकडे राहून तिला १६ वर्षं झाली होती. पोळ्या लाटताना ओट्यावर प्रश्नांची पुस्तिका उघडी असायची. झेंड्यावर पट्टे १३ का? मूळच्या वसाहती १३ म्हणून. घटनादुरुस्त्या किती? २७. शंभरातले १० प्रश्न विचारणार, ६ बरोबर आले की पास. (ऑक्टोबर २०२५पासूनच्या अर्जदारांना १२८ पाठ करायचे, २०पैकी १२ बरोबर हवेत.) पंचावन्नी गाठलेल्या आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षं काढलेल्या माणसाला इंग्रजीची माफी असते, दुभाषा मात्र आपला आपण न्यायचा. म्हणजे अमेरिकेचं नागरिकत्व मामीने चक्क मराठीतून मिळवलं.

अटी इतक्या सौम्य व्हायला फार काळ गेला. १७९०च्या कायद्याला नवा नागरिक ‘स्वतंत्र गोरा’ हवा होता. मग गोरा कोण, हे न्यायाधीश ठरवत बसले. १९१० साली मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा या चाळणीतून पार झाले. १३ वर्षांनी भगतसिंग थिंड अडकले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी गणवेश चढवलेला हा शीख माणूस. आम्ही आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरे, असा त्यांचा युक्तिवाद. (उतरंड मान्य करून तिच्यातली वरची जागा मागायची, हा आपला जुना आजार समुद्र ओलांडून तिथेही गेला होता.) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीत तुम्ही गोरे नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. त्यांतल्या वैष्णोदास बगई यांनी १९२८ला जीव दिला. भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला १९४६मध्ये, आणि त्याच कायद्याने स्थलांतराचा कोटा ठरवला: वर्षाला १०० माणसं.

आज साधारणपणे ग्रीन कार्डावर पाच वर्षं, त्यांतले ३० महिने प्रत्यक्ष त्या भूमीवर, आणि चारित्र्य स्वच्छ. खरी कसोटी त्याच्या आधीच, ग्रीन कार्डाच्या रांगेत होऊन गेलेली असते.

पुस्तिकेतला एकच प्रश्न मामीला टोचायचा. नागरिक होताना आपण कोणतं वचन देतो? मान्य उत्तरांत पहिलं होतं, इतर देशांवरची निष्ठा सोडण्याचं. मामीने ते गाळलं आणि ‘कायदे पाळीन’ एवढंच पाठ केलं. शपथेच्या दिवशी मात्र गाळायची सोय नव्हती.

पण गंमत अशी, की ही निष्ठा खरोखर सुटली का, हे अमेरिका तपासत नाही. जुना पासपोर्टही मागत नाही. तो मागतो आपण. घटनेचा ९वा अनुच्छेद आणि १९५५चा नागरिकत्व कायदा सांगतो, की स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. फाळणीच्या जखमा ओल्या असताना एका माणसाला दोन देश देणं परवडणारं नव्हतं, हे मला पटतं. पटत नाही ते पुढचं. धागा आपल्याच कायद्याने तुटतो आणि ‘देशाला विसरले’ हा शेरा मात्र आपण त्या माणसाच्या माथी मारतो. आजचा भारत हा नियम पुन्हा तपासून पाहण्याइतका नक्कीच सुरक्षित आहे.

उलट दिशेनेही पाहावं. भारताचं नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसाला इतर अटींबरोबर आठव्या अनुसूचीतल्या एखाद्या भाषेचं पुरेसं ज्ञान लागतं. मराठी त्या यादीत आहे. जी भाषा मामीला अमेरिकन करून गेली, तीच एखाद्या परक्याला भारतीय करू शकते.

मामीकडे आता ओसीआय कार्ड आहे. त्याचा अर्थ ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’. या नागरिकाला मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तिच्या गावच्या, वाईच्या मतदारयादीत मात्र तिचं नाव अजून आहे. ते काढण्यासाठी नमुना ७ भरावा लागतो. तो मी डाउनलोड करून पाठवला, त्याला चार महिने झाले.