शेपटीचा पतंग

लहानपणी माझ्या पतंगाला आई जुन्या लुगड्याच्या चिंधीचे शेपूट बांधून देई. तो कसा निमूटपणे वर चढे! पण काटाकाटीत त्याचा निभाव लागत नसे. थोरल्या मुलांचे पतंग बिनशेपटीचे. घटकेत गोता खातील, घटकेत उसळतील. मात्र हाताचे भान सुटले की गरगरत खाली येत.

तेजस या आपल्या लढाऊ विमानाची हकीकत वाचताना मला ते पतंग आठवले. हे विमान मुद्दामच अस्थिर घडवले आहे. चपळाई हवी तर स्थैर्य थोडे सोडावे लागते. त्याचा तोल क्षणोक्षणी सावरणे माणसाच्या हाताला झेपणारे नाही, म्हणून ते काम संगणकाकडे. वैमानिक दांडा हलवतो ती त्याची इच्छा. पंखांच्या झडपा किती हलवायच्या ते संगणक ठरवतो. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ते बंगळूरच्या आकाशात प्रथम नेले.

मग विमान उडवतो कोण?

८ ऑगस्ट १९९३ रोजी स्टॉकहोमच्या जलमहोत्सवात, हजारो लोकांदेखत, स्वीडनचे ग्रिपेन विमान कोसळले. वैमानिकाने दांडा झपाझप हलवला. झडपांच्या वेगाला मर्यादा, त्यामुळे हुकूम आणि अंमल यांत अंतर पडले. हात सावरायला जावा तो विमान अधिकच डोले. वैमानिक हवाई छत्रीने बचावला. खालीही कोणाचा प्राण गेला नाही, हे नशीबच. दोष कोणाचा? हात चुकला म्हणवत नाही, यंत्राने बेइमानी केली असेही नाही. माणूस घाबरला म्हणजे काय करील, हे आखणीत पुरते धरलेले नव्हते, एवढेच मला दिसते.

या विद्येतल्या लोकांचा एक गुण मला फार मोहवतो. आपले गणित थोडे चुकलेलेच आहे, असे धरून ते आखणी करतात. इंधन जळते तसे वजन घटते, उंचावर हवा विरळ होते, एका पंखाखालचे अस्त्र सुटले की तोल सरकतो. म्हणून एका विमानासाठी नव्हे, तर तशाच थोड्याथोड्या फरकाच्या साऱ्या विमानांसाठी नियम बसवायचा. (आम्ही आईबाप मात्र आपले गणित बिनचूक समजून मुलांना वळण लावायला निघतो!) पण ही सावधगिरी फार वाढली, की विमान पुन्हा शेपटीच्या पतंगासारखे जड होते. मग किती पुरे?

गेल्या संक्रांतीला नातू पतंग घेऊन आला. “आजोबा, शेपूट काप ना!” मी कात्री घेतली, आणि अर्धेच कापले.