नऊ धावांचे देणे

मुळशी तालुक्यातील भरे गावी भातकापणी उरकून खाचरे मोकळी झाली की, त्यांतले एखादे रुंदसे निवडून पोरे टेनिसच्या चेंडूने सामने मांडतात, आणि तेथे पंच म्हणून उभा राहतो तो बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच, आपल्या पाळीची वाट पाहणारा एखादा मुलगा. न्यायाच्या दृष्टीने ही व्यवस्था लंगडी खरी. कज्ज्यात ज्याचे हित गुंतले आहे त्यालाच निवाडा सांगायला बसवावे, तसा हा प्रकार. तरीही तो मुलगा आपल्या सख्ख्या भावाविरुद्ध बोट वर करतो तेव्हा जी वृत्ती प्रकट होते, ती नियमांच्या कोणत्याही कलमात लिहिलेली नाही, आणि तिच्यावाचून ती सारी कलमे निष्प्राण होत.

या वृत्तीचा विचार करू लागलो म्हणजे माझे मन पुण्याच्या पूना क्लब मैदानावर, डिसेंबर १९४८ मधील रणजी सामन्याकडे वळते. काठेवाडचा डाव २३८ धावांत संपल्यावर महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी जी फलंदाजी आरंभिली, तिच्यात कमल भांडारकरांच्या साथीने ४५५ धावांची भागी झाली, भांडारकर द्विशतक करून परतले, आणि तिसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा फलकावर लागल्या तेव्हा निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक उच्चांक गाठावयास अवघ्या ९ धावा उरल्या होत्या; आणि नेमक्या त्या घटकेला, खेळ थांबला असता, राजकोटच्या ठाकूरसाहेबांच्या नेतृत्वाखालील काठेवाड संघाने सामना सोडून दिला. आपल्या संघाचे नाव अशा विक्रमाशी कायमचे जोडले जाऊ नये, ही त्यामागची भावना होती, असे सांगतात.

नियमाने पाहिले तर यात गैर काहीच नाही. हार कबूल करण्याची मुभा प्रत्येक संघास आहे, आणि एरवी आपण तिला दिलदारीच म्हणतो. परंतु पराभव पत्करणे आणि पराभव सोसणे यांत अंतर आहे, आणि काठेवाडने पहिले केले ते दुसरे टाळण्यासाठीच, असे मला निःसंकोचपणे म्हणावेसे वाटते. प्रतिस्पर्ध्याचे श्रेष्ठत्व आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच गोलंदाजीवर पूर्णत्वास जाऊ देणे, हे खेळाडूचे देणे असते. सामन्याला उतरतानाच तो ते अंगावर घेतो.

आश्चर्य हे की, नीतीचा बोभाटा झाला तो दुसऱ्याच एका प्रसंगाचा. सुमारे एक वर्ष आधी, १३ डिसेंबर १९४७ रोजी, सिडनीच्या कसोटीत विनू मंकड यांनी चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीझ सोडणाऱ्या बिल ब्राऊनला धावचीत केले. भारताच्या याच ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात त्यांनी त्याला ताकीदही दिली होती. खुद्द ब्रॅडमननेही मंकडांची बाजू उचलून धरली. तरी त्या कृतीला मंकडांचे नाव चिकटले ते चिकटलेच, आणि पुढे कित्येक दशके ते हिणवण्यासाठीच उच्चारले गेले. २०२२ मध्ये अशा रीतीने बाद करण्याविषयीचे कलम ‘अनुचित खेळ’ या सदरातून उचलून ‘धावचीत’ या सदरात ठेवण्यात आले. दफ्तरी न्याय झाला, पण फार उशिरा. मंकडांनी जे केले ते खेळाच्या आत राहून केले. पुण्यात खेळच काढून घेतला गेला, आणि त्याला मात्र कोणी नाव ठेवले नाही.

याच्या उलट टोकाला १९८० सालचा फेब्रुवारी आठवावा. वानखेडेवरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ अशी बिकट झाली असता, पंचांनी झेलबाद ठरविलेल्या बॉब टेलरला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनी परत बोलाविले, कारण चेंडू बॅटीला लागलाच नव्हता अशी त्यांची खात्री झाली होती. टेलरने बोथमबरोबर १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथांनी त्या दिवशी सामना गमावला असे अनेकांनी म्हटले, ते चूकही नाही; पण हरण्याचा धोका समोर दिसत असताना त्यांनी प्रतिपक्षाला त्याचा हक्काचा डाव दिला, आणि त्याचे सारे फळ मैदानावर उभे राहून भोगले.

निंबाळकरांना कसोटी सामना खेळण्याची संधी एकदाही मिळाली नाही. ब्रॅडमनचा उच्चांक १९५९ मध्ये कराचीच्या हनीफ महंमदने ४९९ धावा करून मोडला. पाचशेव्या धावेसाठी धावताना तो धावचीत झाला, म्हणजे शेवटच्या चेंडूपर्यंत बहावलपूरचा संघ त्याच्याशी झुंजत होता. निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात वारले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या म्हणून ४४३ हा आकडा आजही तसाच उभा आहे.