येशूची इच्छा आणि रमाबाईंचा हट्ट

येशूला देव कोणी केलं, या प्रश्नाचं एक तयार उत्तर सध्या बाजारात आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने केलं, इ.स. ३२५ मध्ये, नायसियाच्या परिषदेत, मतं मोजून. त्याआधी तो बिचारा साधा सुतार, डोंगरावर बसून चार चांगल्या गोष्टी सांगणारा. परिषदेला १७०० वर्षं झाल्याचं निमित्त साधून नाशिकचे एक निवृत्त प्राध्यापक हे उत्तर घेऊन गावोगाव हिंडले आणि आमच्या पिंपळगाव बसवंतलाही येऊन गेले. मी सभेत उभा राहून एक शंका काढली, तर 'द्राक्षबागायतदारांनी डावणीवर बोलावं, धर्मशास्त्र आमच्याकडे राहू द्यावं,' असं म्हणून त्यांनी हशा वसूल केला. गोडी छाटणीनंतर पाऊस झाला की डावणीच्या रोगावर बोलावंच लागतं, त्याला प्राध्यापकांच्या परवानगीची गरज नाही. पण सभेत अर्धवट राहिलेली शंका इथे पुरी करतो. मी ख्रिस्ती नाही, होण्याचा विचारही नाही. तेव्हा माझा कुठला स्वार्थ शोधण्यात कुणी वेळ घालवू नये.

नायसियात भांडण 'येशू देव की माणूस' असं नव्हतंच. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र हा पित्याने सगळ्या सृष्टीच्या आधी निर्माण केला. म्हणजे तो पित्याहून खालचा, पण माणसांहून आणि देवदूतांहून कितीतरी वरचा. विरोधकांचं म्हणणं, तो निर्माण झालेलाच नाही, पित्याचं जे तत्त्व तेच त्याचं. 'नुसता माणूस' हा उमेदवार त्या निवडणुकीत उभाच नव्हता. आणि शेवटपर्यंत एरियसची साथ देऊन हद्दपारी पत्करणारे बिशप उरले दोन. तेव्हा काठावरच्या बहुमताची गोष्टही सोडून द्यावी. सम्राटाचा दबाव होता का? होता. पण त्याच कॉन्स्टंटाइनने मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या गोटातल्या बिशपाच्या हातून, आणि नायसियाचा खंदा पुरस्कर्ता अथनासियस याला पुढच्या काळात पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. राजाश्रयाने देव बनवायचा असता तर एरियसचा येशू राजांना जास्त सोयीचा होता.

याहून मोठी गंमत म्हणजे, त्याच्या दोनशे वर्षं आधीचं भांडण नेमकं उलट्या टोकाचं होतं. नव्या करारातल्या योहानाच्या पत्रांत ज्यांच्यावर राग आहे ते लोक येशूला देवत्व नाकारत नव्हते; तो खऱ्या हाडामांसाने आला हे त्यांना पटत नव्हतं. देव आणि त्याला घाम? देव आणि त्याला खिळे? शरीर दिसलं असेल, असणार नाही, असं ते म्हणत. ख्रिस्ती विचारातली पहिली अडचण येशूच्या देवपणाची नव्हती, माणूसपणाची होती. प्राध्यापकांनी सगळी शक्ती भलत्याच दारावर धडका मारण्यात घालवली.

त्यात नवं तरी काय? 'थोर माणूस येशू' हा महाराष्ट्राचा जुना पाहुणा आहे. प्रार्थना समाजाने त्याला मानाने बसवलं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते कॉलेज एकेश्वरवादी युनिटेरियन परंपरेचं. जोतीरावांनी तर 'गुलामगिरी'त येशूला थेट बळीराजाच्या ओळीत नेऊन बसवलं. पाडव्याच्या दिवशी बळीची आठवण काढणाऱ्या आमच्यासारख्या कुणब्यांना हा येशू फार जवळचा वाटतो, हे मी लपवणार नाही. पण जोतीरावांना दीनांचा कैवारी हवा होता आणि तो त्यांनी उघडपणे घेतला. 'ख्रिस्ती लोकांचं मूळचं म्हणणं हेच आहे' असा आव त्यांनी आणला नाही.

दुसरी पळवाट आमच्या कीर्तनकार मित्राची. 'अहो, तोही अवतारच की! वाद कसला?' नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई-वसईहून माणसं लोटतात आणि रांगेत टिकल्या-मंगळसूत्रंही भरपूर दिसतात. मूर्ती प्रागच्या मूळ मूर्तीसारखी: एवढंसं पोर, अंगावर भरजरी झगा, डोक्यावर मुकुट, उजवा हात आशीर्वादाला उचललेला आणि डाव्या हातात क्रूस खोवलेला पृथ्वीचा गोल. ज्या मुलखात बाळकृष्णाच्या तोंडात यशोदेला विश्व दिसतं, तिथे पोराच्या मुठीत पृथ्वी पाहून कोण दचकणार? मेणबत्ती लावायची, नवस बोलायचा, यायचं. मित्राचं मन मोठं आहे यात शंका नाही. पण मोठ्या मनाने माणूस समोरच्याचं ऐकायचंही सोडून देतो.

मी त्याला उत्तर द्यायचो ते असं. अवतार अनेक, हा एकच. अवतार काम झालं की देह ठेवतो. ख्रिस्ती श्रद्धेत येशू माणूसपण कधीच उतरवून ठेवत नाही, पुनरुत्थानानंतरही जखमा अंगावर आहेतच. अवताराला सगळं ठाऊक असतं, रडणं ही लीला असते. मार्काच्या शुभवर्तमानात मात्र येशू स्वच्छ सांगतो की शेवटची घटका पुत्रालाही माहीत नाही, फक्त पित्याला माहीत आहे. इ.स. ४५१ मध्ये काल्सेदोनच्या परिषदेने हे सूत्रात बांधलं: एकच व्यक्ती, पण स्वभाव दोन, पूर्ण देवाचा आणि पूर्ण माणसाचा, मिसळलेले नाहीत, बदललेले नाहीत, तुटलेले नाहीत, वेगळे काढता येत नाहीत. चार नकार. दोन्ही एकत्र कसे नांदतात ते परिषदेने सांगितलंच नाही. काय म्हणायचं नाही तेवढं सांगून ती मोकळी झाली. मला हा सूत्रकारांचा चलाखपणा वाटायचा, ठराव समितीने सगळ्यांना खूश ठेवायला लिहावा तसा.

पण 'अवतार म्हणजे सोंग' ही माझी रेघ आमच्याच पंचवटीत पुसली जाते. सीता गेल्यावर राम झाडावेलींना विचारत फिरला तो याच मुलखात. वाल्मीकीच्या युद्धकांडात अग्निदिव्याच्या वेळी देव येऊन रामाला सांगतात की तू नारायण आहेस. राम म्हणतो, मी तर स्वतःला माणूस समजतो, दशरथाचा मुलगा. मी कोण ते तुम्हीच सांगा. हा राम लीला करत नाही. त्याला खरोखरच माहीत नाही. आणि पुढे काय झालं? अध्यात्म रामायणाने खरी सीता आधीच अग्नीत सुरक्षित ठेवली आणि रावणाच्या रथात छाया बसवली. राम आता सर्वज्ञ. त्याचं रडणं जगाला दाखवण्यापुरतं. योहान ज्यांच्यावर चिडला होता त्यांनीही येशूच्या बाबतीत हेच केलं होतं. देव दुःखी होऊ नये म्हणून भक्तच त्याचं दुःख खोटं ठरवतो! ही खोड कुठल्या एका धर्माची नाही. फरक एवढाच की आपण दोन्ही राम शेजारी शेजारी ठेवले आणि भांडलो नाही. ख्रिस्ती लोक भांडले, आणि भयंकर भांडले.

किती भयंकर, त्याचा एक नमुना. काल्सेदोननंतर दोनशे वर्षांनी राजकारणाच्या सोयीसाठी तडजोड निघाली: स्वभाव दोन असू द्यात, पण ख्रिस्ताची इच्छा एकच होती म्हणा, देवाची. ऐकायला किती भक्तिपूर्ण! मॅक्सिमस नावाचा एक म्हातारा साधू आडवा आला. त्याचं म्हणणं, मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशू 'हा प्याला टळू दे' अशी विनवणी करतो ती इच्छा कुणाची? देवाची असणं शक्य नाही. ती माणसाची आहे, जगू पाहणाऱ्या कुठल्याही माणसाची. ती इच्छाच काढून घेतली तर उरतो तो माणूस नव्हे, माणसाचा अंगरखा. येशू शेवटी 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणतो, पण तो होकार माणसाच्या इच्छेने दिलेला होकार आहे. तिला चिरडून काढलेला नव्हे. सम्राटाच्या लोकांनी ऐंशी वर्षांच्या त्या माणसाची जीभ छाटली, उजवा हात तोडला आणि काळ्या समुद्रापलीकडे हाकलला. तिथेच तो ६६२ मध्ये वारला. एकोणीस वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचंच म्हणणं खरं मानलं. माणसाला स्वतःची इच्छा असते, देवासमोरसुद्धा असते, एवढंच तो सांगत होता.

मॅक्सिमस वाचला आणि मला आठवल्या पंडिता रमाबाई. त्यांच्या इंग्लंडमधल्या वादाची आपल्याकडे फक्त फुशारकी मारली जाते, वाद कशावर होता ते कुणी सांगत नाही. वाद बरोबर यावरच होता.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या सिस्टरांकडे बाप्तिस्मा घेतला. वय पंचविशीचं, नवरा वारलेला, कडेवर लेक मनोरमा, कानाने कमी ऐकू येतं, राहणं-जेवणं सगळं सिस्टरांवर. अशा अवस्थेतल्या बाईने मुकाट्याने मान डोलवली असती तर कुणी नावं ठेवली नसती. त्याऐवजी रमाबाईंनी अथनासियसच्या नावाने चालणाऱ्या श्रद्धासूत्रावर बोट ठेवलं. (हे सूत्र अथनासियसचं नाही. तो ग्रीकमध्ये लिहायचा. हे लॅटिनमध्ये, त्याच्या मागून कुणीतरी रचलेलं.) त्यात त्रैक्य आणि दोन स्वभाव गणिती नेटकेपणाने मांडलेत, आणि जो हे मानणार नाही त्याचा नाश ठरलेला, अशी धमकीही आहे. ठरावीक सणांना चर्चमध्ये ते म्हणावं लागे. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं: देव एक आहे हे मला पटलं म्हणून मी इथवर आले, पुत्र पित्याच्या बरोबरीचा आहे हे तुमच्या शास्त्रात मला दाखवा, मग बघू. शास्त्रार्थ त्यांना नवा नव्हता. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये त्यांची परीक्षा घेऊनच 'पंडिता' ही पदवी दिली होती.

चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिआ बील यांनी हे प्रश्न प्रश्न म्हणून घेतले आणि पत्रांतून नीट उत्तरं दिली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनना मात्र त्यात अहंकार दिसला. रमाबाई या बाईंना 'आजीबाई' म्हणत, म्हणजे माया दोन्हीकडून होती. मायेच्या माणसांनी दिलेला त्रास वेगळाच असतो. अंडं घातलेलं पुडिंग रमाबाई खात नाहीत, हाही अहंकार, जातीचा पीळ अजून गेला नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं हवीत, तोही अहंकार. चेल्टनहॅममध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची संधी आली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला मागवला गेला आणि नकार आला. रमाबाईंनी कळवलं की हिंदुस्थानातल्या भटशाहीचं जू आत्ताच कुठे मानेवरून काढलंय. त्याच जातीचं दुसरं जू मी घेणार नाही.

आपले सुधारक इथे टाळ्या वाजवतात आणि पुस्तक मिटतात. मीही बरीच वर्षं टाळ्या वाजवणाऱ्यांतच होतो: बुद्धिवादी रमाबाई, पोथीवादी सिस्टर. पण मॅक्सिमसच्या मापाने पाहिलं तर चित्र फिरतं. सूत्राच्या शब्दांवर सिस्टर बरोबर, रमाबाई चूक. ख्रिस्ती घरातला कुठलाही न्यायाधीश तोच निकाल देईल. पण सिस्टर ज्या नम्रतेची मागणी करत होत्या ती कसली होती? स्वतःची इच्छा काढून ठेव आणि चर्चच्या इच्छेने चाल. मॅक्सिमसने हात गमावला तो हीच गोष्ट ख्रिस्ताच्या बाबतीत नाकारण्यासाठी. देवाने माणसाची इच्छा गिळली नाही, ती शाबूत ठेवून तिचा होकार मागितला. मग वाँटेजच्या मठाने ती बामणाच्या घरात जन्मलेल्या एका विधवेकडून आगाऊ का मागावी? येशूच्या देवत्वाबद्दल साशंक असलेल्या रमाबाई त्याच्या माणूसपणाची खरी अट पाळत होत्या, आणि दोन स्वभाव पाठ म्हणणाऱ्या सिस्टर एकाच इच्छेचा जुना पाखंड चालवत होत्या. जेराल्डिनबाईंना हे वाचून झीट आली असती.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो खरा आहे. गेथशेमानेत शेवटी होकार आहे. रमाबाईंचा तर नकारच चालू होता. हो, पण होकाराची घटका कुणी ठरवायची? शंका पुढे मावळल्या. त्या स्वतः १८९१ च्या सुमारास आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला असं सांगतात, तेव्हा इंग्लंड केव्हाच मागे पडलं होतं आणि त्यांचं शारदा सदन सुरू होतं. बिशपांनी मागितल्यावर नाही, स्वतःच्या वेळेला. आणि दुसऱ्यांनी लावलेल्या अर्थावर शेवटपर्यंत विसंबल्या नाहीत: केडगावच्या मुक्ती सदनात, दुष्काळातून आणलेल्या शेकडो पोरींच्या खाण्यापिण्याचा कारभार सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. ते छापून पुरं झालं १९२४ मध्ये, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी.

काल्सेदोनचे ते चार नकारही आता मला समितीचा ठराव वाटत नाहीत. 'मिसळलेले नाहीत' या एका नकाराने माणसाची बाजू वाचते. तो नसता तर देवाने माणसाला पचवून टाकलं असतं. परिषदेच्या बिशपांनी आपापल्या प्रांतात माणसांच्या इच्छांचं काय केलं, तो हिशेब वेगळा आणि फारसा चांगला नाही.

या सगळ्या वादाचा पुरावा आपल्या हाती आला तो सिस्टर जेराल्डिनमुळेच. रमाबाईंची पत्रं, स्वतःची उत्तरं, बीलबाईंची पत्रं त्यांनी जपली आणि लावून ठेवली. आपली बाजू बरोबर होती, वाचणाऱ्याला ते दिसेलच, या खात्रीने. तो संग्रह १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने, म्हणजे आपल्या सरकारने छापला. संपादक होते अ. भि. शहा, इहवादाच्या प्रचारात हयात घालवलेले.